नकाशातलं कारंजं

"डोळे मिटून सांगा बरं."

आमच्या नगरपालिकेच्या बांधकाम विभागात एक ट्रेसर होते, त्यांचं हे ठरलेलं वाक्य. ट्रेसर म्हणजे इंजिनियरनं काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईनं उतरवून घेणारा माणूस. गटार शाळेच्या उजव्या अंगानं जातं, असं कुणी येऊन म्हणालं, की हे पेन खाली ठेवत. "डोळे मिटून सांगा बरं. उजवं म्हंजी कुणाचं उजवं?" समोरचा डोळे मिटायचा आणि हमखास गडबडायचा. आमच्या ओव्हरसियरनं एकदा असंच डोळे मिटून गटार थेट देवळाच्या गाभाऱ्यातून नेलं. आम्ही पोट धरून हसलो. ट्रेसर म्हणाले, "बगा. आन तुमी डोळसांत जमा."

तुम्हीही कुठल्या ना कुठल्या कचेरीत असा माणूस पाहिला असेल. टेबल सगळ्यांत नीटनेटकं आणि नोकरी सगळ्यांत कच्ची. झरीच्या बौद्ध वस्तीतले ते पहिले मॅट्रिक. आमच्याकडे चार वर्षं हंगामी होते. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद निघायचा आणि तो माझ्या आवक-जावकच्या टेबलावरून जायचा. कागद हातात पडेपर्यंत ते माझ्याशी जरा जास्तच अदबीनं बोलत. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

डोळे मिटण्याची ही सवय त्यांना गंगारामनं लावली. गावात अंधांचं एक छोटं वसतिगृह होतं. तिथं वेताच्या खुर्च्या विणायला शिकवणारा गंगाराम स्वतः जन्मांध, पिंगळीचा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या ऑफिसच्या खुर्च्या विणायला तो आठ-दहा दिवस व्हरांड्यात बसला होता. आतून येणारी पट्टीची टकटक ऐकून त्यानं एकदा विचारलं, "काय करायलात, दादा?"

"जुन्या बागेचा नकाशा."

"मला दाखवा की."

ऑफिसात हशा पिकला. ट्रेसरनी त्याचा हात धरून कापडावर ठेवला. गंगारामनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली आणि म्हणाला, "हितं तर काईच न्हाई, दादा."

ट्रेसरनी स्वतःचं बोट कापडावरून फिरवून पाहिलं. म्हणाले, "खरं हाय. काईच न्हाई."

जुनी बाग म्हणजे निजामाच्या काळात कुणा तालुकदारानं लावलेली. दगडी कमान, पायऱ्यांची बारव, मधोमध चबुतरा आणि चिंचांची दुतर्फा रांग. गंगाराम तिथं जायचा, पण कुणाचा तरी हात धरून. आणि हात धरणारा ज्या बाकावर बसवेल तिथंच बसून यायचा. बाग केवढी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

महिनाभर ट्रेसर रोज सकाळी ऑफिसच्या आधी बागेत जात. फायलींचे जाड पुठ्ठे एकावर एक चिकटवून त्यांनी पाट केला. पायवाटेला सुतळी, बारवेच्या पायऱ्यांना काड्यापेटीच्या काड्या, झाडांना चिंचोके. हिरवळीला ज्वारीचे दाणे चिकटवले होते, ती हिरवळ उंदरांनी दोन दिवसांत फस्त केली. "जनावराला बी नकाशा कळला," असं म्हणून त्यांनी हिरवळीला कापडाच्या चिंध्या लावल्या.

नकाशा गंगारामला दाखवला तर तो म्हणाला, "ही चिंच लय लांब हाय. मला तर कमानीपासून पंधराव्या पावलाला तिचा वास येतो."

ट्रेसरनी बाग साखळीनं मोजली होती. त्यांनी सगळं उचकटलं आणि गंगारामसोबत चालून पुन्हा पावलांनी मोजलं. नकाशावर बोटाचं एक पेर म्हणजे बागेत वीस पावलं. तीन वेळा नकाशा केला. तिसऱ्या वेळी गंगारामनं त्यावर दोन दिवस बोटं फिरवली आणि तिसऱ्या दिवशी एकटा बागेत जाऊन, बारवेच्या सातव्या पायरीवर बसून परत आला. ट्रेसर त्याच्या मागं, पन्नास पावलं अंतर ठेवून, चपला हातात घेऊन चालत होते. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना लाजले.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी हे लिहिलंच नसतं.

बागेच्या सुशोभनाचा शुभारंभ करायला मंत्री येणार असं ठरलं. अध्यक्षांना कुणीतरी नकाशाचं सांगितलं. त्यांनी तो मागवून पाहिला, खूश झाले, आणि विचारलं, "यात कारंजं कुठंय?" कारंजं मंजूर झालं होतं. बागेत मात्र तोवर फक्त चुन्याची खूण होती. "मंत्र्यांसमोर बिनकारंज्याची बाग ठेवायची काय?" असं म्हणून त्यांनी नकाशा परत पाठवला. निरोप घेऊन मी गेलो.

ट्रेसर म्हणाले, "जे न्हाई ते कसं लावू, भाऊ?"

"महिन्याभराचा प्रश्न आहे. कारंजं होणारच आहे. तुमची कायम होण्याची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे."

"डोळस माणूस कागदावरचं खोटं जाग्यावर जाऊन ताडून बगतो. बोटानं कुणाला इचारायचं?"

तेव्हा मी म्हणालो, "आंधळ्याला कारंजं काय आणि डबकं काय." लिहिताना हे वाक्य बदलावंसं वाटतं, पण मी म्हणालो ते हेच.

त्यांनी माझ्या हातातून नकाशा घेतला. दुसऱ्या दिवशी नकाशावर, कमानीपासून सरळ साठाव्या पावलाला, जुन्या कोटाचं एक पितळी बटण होतं. भोवती सुतळीचा गोल कठडा.

मंत्र्यांनी डोळे मिटून बटणावर बोट ठेवलं, पेपरात फोटो आला. अध्यक्षांनी नकाशा त्याच कार्यक्रमात वसतिगृहाला भेट देऊन टाकला. ट्रेसर संध्याकाळीच बटण काढायला तिथं गेले. अधीक्षक म्हणाले, "मंत्र्यांनी हात लावलेली वस्तू आहे, तिची मोडतोड करता येणार नाही." गंगाराम बहिणीच्या लग्नाला पिंगळीला गेला होता. "तो आला की सांगा, कारंजं अजून झालं न्हाई," असं बजावून ट्रेसर परतले. अधीक्षक विसरले.

पुढच्या आठवड्यात कारंज्यासाठी पुरुषभर खड्डा खणला, तळाशी दगड अंथरले, आणि काम थांबलं. ट्रेसरनी चिठ्ठी दिली, खड्ड्याला कुंपण घालावे. चार दिवसांनी दुसरी दिली. दोन्ही मी आवक रजिस्टरला घेतल्या, नंबर टाकले आणि फाईलला लावल्या. उठून ओव्हरसियरच्या टेबलापर्यंत जायला मला वीस पावलंही लागली नसती.

गंगाराम लग्नाहून आला, दुपारी त्याच्या बोटाला बटण लागलं, आणि ते कारंजं आहे असं वसतिगृहातल्या कुणीतरी सांगितलं. कारंजं संध्याकाळी सोडत असतील, कठड्यावर आधीच जाऊन बसू, असं वाटून तो निघाला. त्यानं आयुष्यात कारंजं ऐकलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात मी ट्रेसरसोबत गेलो. खड्ड्यात पडलेल्या गंगारामचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. आम्ही बसलो तसं तो म्हणाला, "दादा, ते कशाचं होतं?"

"पितळेचं. कोटाचं बटण."

"गार लागलं. मला वाटलं पाणीच हाय." मग म्हणाला, "काठी काखेत मारून चाललो होतो मी. तुमचा नकाशा होता म्हणून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ट्रेसरना काहीतरी बोलता आलं असतं.

हाड वाकडं जुळलं. बोटं आखडली आणि बधिर झाली. वेत विणणं सुटलं तसं वसतिगृहानं त्याला पिंगळीला पाठवून दिलं.

चौकशी झाली. अहवालात आलं, की काम नियमानुसार चालू होतं, चुकीच्या नकाशामुळे दिशाभूल झाली. मला विचारलं, कारंजं दाखवण्याचा आदेश कुणी दिला होता का? मी म्हणालो, "कल्पना नाही." चिठ्ठ्यांबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मुदतवाढीचा कागद त्या वेळी निघाला नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी पेनं पुसून पेटीत लावली, पट्ट्या खुंटीला अडकवल्या आणि माझ्या टेबलाशी आले.

"भाऊ, माझ्या दोन चिठ्ठ्या?"

"फाईलला आहेत."

"असू द्या मंग," म्हणाले आणि गेले.

तीन वर्षांनी निवडणुकीच्या कामानं मी झरीला गेलो. दुपारी मोकळा वेळ मिळाला, तसा विचारत विचारत त्यांच्या घरी पोचलो. कशासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दारात त्यांची बायको ज्वारी पाखडत होती. मी म्हणालो, नगरपालिकेतून आलोय. तिनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि आतून पाणी आणून दिलं.

"ते न्हाईत घरी. भावाच्या टोळीसंगं ऊस तोडायला गेलेत. दोन वर्सं झाली, जायलेत."

मला त्यांची शाईची रेघ आठवली, केसासारखी बारीक. मी पाणी प्यायलो.

"नोकरीचं काई निघालं का?" तिनं विचारलं.

"नाही. सहज आलो होतो."

"मंग आल्यावर सांगते त्यांना. कोण आलतं म्हणून सांगू?"

मी तांब्या खाली ठेवला. "ऑफिसातलं कुणीतरी," म्हणालो, आणि तिनं पुन्हा विचारायच्या आत पायात चपला घातल्या.