यादीवाल्या मावशी

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रीतीवर प्रवचनं भरपूर झाली. प्रीती करायचं काम मात्र एकट्या यादीवाल्या मावशींकडे होतं.

मावशी कपड्यांच्या कारखान्यात कोटांना काजं करायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्या की मंडळीतल्या आजाऱ्यांकडे निघायच्या. धापा टाकत जिने चढायच्या आणि वर आजाऱ्यालाच झापायच्या, "पडून राहायची हौस फिटली की नाही अजून?" मग उशाशी खुर्ची ओढून बसायच्या, पाय चेपायच्या, चादर बदलायच्या. निघताना कागदावर त्याचं नाव लिहायच्या. बरं झालेल्याचं नाव खोडायच्या, गेलेल्याचंही. मग तो कागद चर्चच्या दाराशी फळ्यावर टाचायच्या. रविवारी मी तो मोठ्याने वाचायचो. मी पोस्टातला कारकून, आवाज खणखणीत, बाकी अंग झिजवायचं नाव नको. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणत, "प्रभो, उभं कर," आणि जेवायला घरी जायला मोकळे होत.

यंदा सलग पाच रविवार यादी बदलली नाही. माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणायची सोय नाही. कागद माझ्याच बोटांनी मळला होता. मधल्या एका आठवड्यात मंडळीतल्या सुताराची आई वारली. आम्ही सगळ्यांनी तिला माती दिली. पुढच्याच रविवारी मी तिचं नाव वाचलं आणि सगळे म्हणाले, "प्रभो, उभं कर." कोणाचीही जीभ अडखळली नाही.

पाचव्या रविवारी सुताराने मला पायऱ्यांवर गाठलं. वाटलं, आता हा माझी खरडपट्टी काढणार.

"आईचं नाव ऐकून बरं वाटायचं, म्हणून गप्प होतो," तो म्हणाला. "पण मावशींच्या हातून अशी चूक व्हायची नाही हो. त्या आहेत कुठे?"

तीस वर्षं त्या आमच्या घरी येत होत्या. त्यांचं घर शोधायला आम्हाला दोन तास लागले.

शेजारी कपडे धुणारी बाई राहत होती. तिनेच मावशींच्या खोलीचं दार उघडलं. "गुरुवारी गेल्या," ती म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग नगरपालिकेची गाडी घेऊन गेली."

"अहो, आम्हाला निरोप तरी द्यायचा!" मी चढ्या आवाजात म्हणालो. लाज वाटली की माझा आवाज चढतो.

"कोणाला देणार? कोणाला कळवू विचारलं की म्हणायच्या, 'निरोप कशाला? रविवारी येतातच आमची माणसं.' दर रविवारी मला खुर्ची उशाशी ओढून ठेवायला लावायच्या."

खुर्ची अजून तिथेच होती. सुतार तिच्यावर बसला आणि रिकाम्या गादीवर हात ठेवून ढसाढसा रडला. मी दारातच उभा राहिलो.

पुढच्या रविवारी पाळकांनी मावशींवर फार सुंदर प्रवचन केलं. बायकांनी डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, "आता यादी कोण करणार?" सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. शेवटी त्यांनी मला खूण केली आणि मी जुनीच यादी वाचली.

त्या दिवसापासून सुतार चर्चला आलेला नाही. आजारी आहे, की आमच्यावर रागावलाय, कोणालाच ठाऊक नाही. विचारायला कोणी गेलेलं नाही. मीही नाही.