तीन रेघांमागची वेळ

सरांच्या बॅडमिंटन क्लासच्या पायरीवर एक बाई मोबाइलवर अंगठा फिरवत बसल्या होत्या. वर, खाली, पुन्हा वर. शेजारी त्यांची छोटी मुलगी, मांडीवर नवी रॅकेट. लहान मुलांचा सराव नुकताच संपला होता.

"वेबसाइटवर वेळ सापडलीच नाही हो," त्या मला म्हणाल्या. "मग आलो अंदाजानं."

ती वेबसाइट मीच केलेली. पान नीटनेटकं दिसावं म्हणून सगळा मेनू मी कोपऱ्यातल्या तीन बारीक रेघांमागे ठेवला होता. मी त्यांच्या मोबाइलवर त्या रेघांवर बोट टेकवलं, तसं वेळापत्रक उलगडलं.

"अगंबाई, इथं होतं होय! माझंच डोकं चालत नाही बघा."

हे वाक्य मला फार ओळखीचं. आठवीत शाळा सुटली. चंद्रपूरकडून इकडे पुण्यात आलो, तेव्हा काचेचं एखादं दार उघडलं नाही, की मी स्वतःलाच वेडा म्हणायचो. दारातच काही खोट असेल, हे मनातसुद्धा यायचं नाही. अशा माणसाला सरांनी "जमेल रे तुला" म्हणून वेबसाइटचं काम दिलं. आणि मी काय केलं, तर तसलंच एक दार बनवलं, वर सुबक झालं म्हणून खूश झालो.

आता 'सरावाची वेळ' पानाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत आहे. "जरा बटबटीत दिसतंय," सर म्हणाले, पण राहू दिलं.

त्या दिवशी निघताना बाई मला "थँक्यू दादा" म्हणाल्या. मुलीनं रॅकेट पुन्हा पिशवीत घातली.