मशीनची स्वतःची रुंदी

गुणवंत पावसकर सिल्व्हर पार्कमध्ये राहायचा आणि भाईंदर पूर्वेच्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये एक्स-रे मशीन चालवायचा. दवाखान्यातलं नव्हे, धातू तपासायचं. तरी सोसायटीतले लोक त्याला गुडघे दाखवत. सुरुवातीला तो समजावून सांगायचा, पुढे गुडघे बघून घ्यायला लागला.

बायकोला, मंदावहिनींना, त्याने आपलं काम एकदाच सांगितलं होतं. स्टीलमधले अणू मांडणीवरच्या वाट्यांसारखे ओळीत बसलेले असतात. पत्रा दाबला, ओढला की काही ओळी मध्येच संपतात. भट्टीत नीट तापवला की त्या बऱ्याचशा जुळतात. एक्स-रे मारल्यावर आलेखावर शिखरं उमटतात. अर्धवट ओळी जास्त असल्या की शिखरं रुंद. त्या रुंदीवरून दोष किती याचा अंदाज बांधायचा. पण थोडी रुंदी मशीनची स्वतःचीही असते. म्हणून गुणवंत रोज सकाळी आधी सिलिकॉनची, जवळजवळ निर्दोष पावडर लावून मशीनची रुंदी मोजायचा आणि ती वजा करायचा. नाचणाऱ्याला बोल लावण्याआधी अंगण तपासावं, असं त्याचं म्हणणं. एकोणीस वर्षं त्याने हे चुकवलं नाही, आणि आम्हीही त्याला चिडवायचं चुकवलं नाही.

२००४च्या खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. गुणवंतने सकाळी पावडर लावली, मग मशीन बंद करून किरण ज्यांच्या फटीतून जातात त्या आतल्या पट्ट्यासुद्धा काढून पुसल्या, झेंडूचा हार घातला. दसऱ्याची सुट्टी संपवून शनिवारी आलो, तर भांड्यांच्या एका कारखान्याचे पत्र्याचे तुकडे घाईचे म्हणून येऊन पडलेले. पूजेनंतर मशीन चाललंच नाही, मग परत पावडर कशाला, असं गुणवंतला वाटलं. रिपोर्ट मीच टाइप केला. दोष नेहमीच्या सहापट.

कारखान्याच्या शेठने त्याच संध्याकाळी भट्टीवरच्या कॅजिटनला घरी बसवलं. पाळीत झोपला आणि भट्टी गार पडू दिली, असा आरोप. कॅजिटन उत्तनचा, बावीस वर्षं त्याच भट्टीवर.

सोमवारी सकाळी पावडरचीच शिखरं रुंद आली. पुसून परत लावताना बारीक फटीच्या पट्टीच्या जागी रुंद फटीची पट्टी बसली होती. ती बदलून गुणवंतने तुकडे पुन्हा मोजले. पत्रा उत्तम होता. आमचे साहेब म्हणाले, मशीनमध्ये बिघाड झाला म्हणून लिहा, कोण बघतंय. गुणवंतने मला टाइप करायला सांगितलं, ‘चूक ऑपरेटरची’, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. शेठने नवा रिपोर्ट वाचून कॅजिटनला उद्यापासून ये असा निरोप धाडायचं ठरवलं. गुणवंत म्हणाला, निरोप मीच नेतो. मीही बरोबर गेलो.

कॅजिटन दारात बसला होता. गुणवंतने त्याला पट्टी, पावडर, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. कॅजिटनने ऐकून घेतलं. मग म्हणाला की, शनिवारीच शेठला लिहून दिलंय, झोप लागली म्हणून.

गुणवंतने विचारलं, लागली नव्हती तर लिहून का दिलंस?

“बावीस वर्षांत कधी झोपलो न्हाय,” कॅजिटन म्हणाला. “पण मशीनमध्ये दिसलं म्हणजे झोपलोच आसन, आसं वाटलं.”

मला स्वतःची लाज वाटली.

“म्हणजे मी जागा होतो?” कॅजिटनने विचारलं.

“जागा होतास.”

कॅजिटनने आतून बायकोला, विल्माला, बोलावलं आणि गुणवंतला ते तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं.