सरळ बघायचं

हिल्सबरोच्या बसस्टॉपवर रोज एक जपानी आजीबाई भेटत. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या लोकरी टोपीवर माझी नजर खिळली, तेव्हा छत्रीचं टोक माझ्यावर रोखून त्या म्हणाल्या, "जिरोजिरो! असं निर्लज्जपणे टक लावून बघू नये." मग रोजच बघण्याच्या जपानी शब्दांची शिकवणी सुरू झाली. बस कुठे दिसते का म्हणून भिरभिर बघणं म्हणजे क्योरोक्योरो. चोरून पुन्हापुन्हा बघणं म्हणजे चिराचिरा.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "चढावरच्या त्या खिडकीकडे रोज चिराचिरा. कुणाचं घर?"

"माझंच. बायको तिथून हात हलवायची. पंधरा दिवसांपूर्वी ती गेली. सरळ बघवत नाही."

"स्वतःच्या घराकडे चोरासारखं? आज जित्तो. नजर अजिबात हलवायची नाही."

तेवढ्यात बस आली. मी सुटकेच्या आनंदात पुढे झालो, तर आजीबाई छत्री आडवी धरून बससमोर उभ्या!

"काय झालं, लव्ह?" ड्रायव्हरने इथल्या इंग्रजी रीतीप्रमाणे लाडाने विचारलं.

"थांबा. हे बघताहेत."

मग बघावंच लागलं. खिडकी रिकामी असेल, एवढीच मला भीती होती. ती रिकामी नव्हती. तिथे तिची तुळस होती, माना टाकलेली, पण अजून हिरवी.

"तुम्ही व्हा पुढे," असं म्हणून मी पाणी घालायला घराकडे निघालो. चढावर मागे वळून पाहिलं, तर बस तिथेच उभी होती आणि ड्रायव्हरसकट सगळे माझ्याकडे बघत होते. जिरोजिरो. सगळ्यांत पुढे आजीबाई.