सामन्याआधीची कॉफी

माझ्या थोरल्या साडूंइतका मवाळ माणूस बंगळुरात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका धोकादायकही नव्हता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठी बोलताना मधेच कानडी डोकावायची. मी साताऱ्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेला, म्हणून मला ते ‘तम्मा’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. भाजीवालीला नको म्हणायला यांची जीभ रेटायची नाही. बसमध्ये कुणी यांच्या पायावर पाय दिला तर हेच ‘सॉरी सार’ म्हणणार. पण आमच्या कारखान्याच्या फुटबॉल टीमचा निळा शर्ट अंगात चढला, की हाच गृहस्थ आपल्या गोलपुढे असा उभा राही की चेंडू घेऊन येणाऱ्या फॉरवर्डला वाटावं, आज घरीच थांबलो असतो तर बरं झालं असतं. यांची जागा फुलबॅकची. काम एकच, कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही. जन्मात एक गोल मारला नाही. विचारलं तर म्हणत, “कशाला? त्याला बाकीचे आहेत की!”

हे सगळं ठीक, पण यांची एक खोड होती आणि तिच्यापायी मी पुरता हैराण झालो होतो. उद्या ज्या फॉरवर्डला अडवायचं, त्याच्या घरी हे आज संध्याकाळी कॉफीला जायचे. अहो, घरी! बोलावणं नाही, ओळख नाही. अक्कांनी तळलेल्या कडबोळ्यांचा डबा घ्यायचा, सोबतीला मला ओढायचं आणि दार वाजवायचं. “उद्या भेटायचंच आहे, आज स्वल्प ओळख करून घेऊ,” म्हणत खुशाल आत जाऊन बसायचे. मग गप्पा मारता मारता बघत राहायचे. तो चप्पल कुठल्या पायात आधी घालतो, उठताना कुठल्या हातावर भार देतो, आईनं हाक मारली की कुठल्या बाजूनं वळतो. “मैदानावर माणूस फसवतो रे तम्मा,” मला म्हणायचे, “घरात कशाला फसवेल?” के. आर. पुरमला एका फॉरवर्डच्या आईनं यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं की पोरगा लग्नाला उभाच राहत नाही. अण्णांनी तिथल्या तिथे एक स्थळ सुचवलं, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाला असा आडवा केला की मुलीकडच्यांना बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. लग्नात पुढच्या रांगेत पुन्हा हेच!

असं वर्षानुवर्षं चाललं. मग उजवा गुडघा गेला. पळायला लागले की कसंबसं निभायचं, पण जरा वेळ बसून उठायचं म्हटलं की गुडघा अडकायचा, आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून, ओठ चावत उभं राहावं लागायचं. अक्का एरंडाची पानं गरम करून बांधायच्या. आम्हा तिघांखेरीज हे कुणाला माहीत नव्हतं. तरी टीमच्या सेक्रेटरींना काहीतरी वास लागला असावा. त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं, “रविवारच्या सामन्यात तुम्हाला चुकवून कुणी गोल केला, तर शर्ट परत करायचा आणि कमिटीच्या खुर्चीत बसायचं.” अण्णा घरी आले आणि ताटावरून तसेच उठले. “कमिटीत गेलेला माणूस परत मैदानात आलेला मी बघितला नाही,” एवढंच बोलले. फुटबॉल गेला तर हा माणूस जगेल कसा, हा प्रश्न अक्कांच्या तोंडावर मला दिसत होता.

आणि शनिवारी संध्याकाळी यांच्याच दारात कोण उभं? उद्याचा फॉरवर्ड! युसूफ. शिवाजीनगरात वेल्डिंगच्या दुकानात कामाला, सगळ्या शहरात सगळ्यांत चपळ. हातात केळ्यांची फणी. “अण्णा, कल मिलना हैच, आज पहचान कर लेतूं,” म्हणत समोर बसला आणि यांच्या पायांकडे बघायला लागला.

झालं! एरवी पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायला जाणारे अण्णा खुर्चीला खिळले. कॉफी झाली, कडबोळी झाली, दुसरी कॉफी झाली, युसूफ हलेना. त्याला यांना उठताना बघायचं होतं. अक्का बिचाऱ्या गडबडीत बोलून गेल्या, “अहो, त्याला परसातलं केळीचं झाड तरी दाखवा!” आणि जीभ चावली. “केळी त्यानंच आणलीत, झाड कशाला बघायचं त्यानं?” अण्णा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. मला राहवेना. मी मधेच ठोकून दिलं, “राहुकाळ आहे, यजमानांनी जागचं हलू नये.” आता शनिवारचा राहुकाळ सकाळीच उरकतो, हे साताऱ्याच्या माणसाला काय ठाऊक! युसूफला मात्र ठाऊक होतं. तो हसला नाही. अण्णांच्या चेहऱ्याकडे आणि उजवा गुडघा दाबून धरलेल्या त्यांच्या हाताकडे बघत राहिला, मग हळूच उठला. “अण्णा, उठो नक्को,” म्हणाला. “बैठो. मैं जातूं.”

दुसऱ्या दिवशी युसूफ प्रत्येक वेळी अण्णांच्या डाव्या बाजूनं आला, धड पायाच्या बाजूनं. अण्णा अलगद चेंडू काढून घेत, लोक टाळ्या पिटत, सेक्रेटरी मान डोलावत. मला हायसं वाटलं. पोरगा सांभाळून घेतोय, घेऊ दे की! गप्प बसावं की नाही माणसानं? पण मध्यंतरानंतर अण्णा मैदानाच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि ओरडले, “क्या रे युसूफ! मेरे घर की कॉफी पिया ना? फिर इदर से आ!” आणि स्वतःच्या उजव्या मांडीवर थाप मारली.

युसूफ क्षणभर थबकला. मग आला. त्याच बाजूनं आला, वाऱ्यासारखा. अण्णा वळले, गुडघा वळला नाही. गोल झाला.

तेव्हा मधेच खेळाडू बदलायची सोय नव्हती. उरलेला सगळा वेळ अण्णा जवळजवळ एका पायावर खेळले. युसूफ पुन्हा पुन्हा उजवीकडूनच येत राहिला, आता जराही दया नाही, आणि अण्णांनी त्याला पुन्हा एकदाही जाऊ दिलं नाही. कधी पाय घातला, कधी खांदा, शेवटी तर नुसते आडवे पडले. माझा घसा ओरडून बसला. त्या एका गोलनं आम्ही हरलो. सेक्रेटरी जवळ आले तोवर अण्णांनी शर्ट काढून नीट घडी घातली होती. “सरी सार, ठीक आहे,” म्हणाले, “खुर्ची कुठे ठेवलीय?”

चालणं शक्यच नव्हतं, म्हणून मी त्यांना सायकलवर मागे बसवलं. मग एकदम म्हणाले, “तम्मा, काय गेला रे तो! बघितलंस? माझ्याही मनात नव्हतं तिथून गेला.” आवाजात असा आनंद, जणू गोल यांनीच केला होता. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचं कपाळ माझ्या पाठीवर टेकलं आणि माझा सदरा ओला व्हायला लागला. चढ होता, मी पायडल मारत राहिलो. घर आलं. अक्का फाटकात उभ्या होत्या. मी थांबलो नाही, सायकल तशीच पुढे नेली आणि यांना आणखी एक फेरी मारून आणली.