बाटलीतली निनावी मुरी

पौषातल्या लखनौच्या धुक्याला शेणकुटांच्या ओलसर धुराचा वास असतो. बख्शी का तालाबच्या पलीकडे, मोहरीच्या पिवळ्या शेतांमधून वाहणाऱ्या एका अरुंद ओढ्यात, तो वास अंगावर घेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहण्यात माझ्या नोकरीचे कितीतरी हिवाळे गेले. मी मूळची सांगलीची; माशांची ओळख पटवणं हा माझा व्यवसाय. खवले मोजायचे, परांचे काटे मोजायचे, मिशांची लांबी पाहायची आणि पुष्कळ शंका घेऊन झाल्यावर मगच नाव उच्चारायचं.

गेल्या हिवाळ्यात त्याच ओढ्यावर माझ्याबरोबर निदा आली. आमच्या प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली, लखनौच्या जुन्या 'चौक' भागात वाढलेली, माझ्या लेकीच्या वयाची. तिने हातमोजे घातले, काठावरूनच काही बाटल्या पाणी भरलं, कागदासारख्या पातळ गाळणीतून गाळलं, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत आम्ही परतलोसुद्धा. मासे पाण्यात आपला चिकट स्राव, त्वचेचे कण सोडत राहतात; त्यांतला डीएनए वाचला की मासा न पाहताही त्याचं असणं कळतं. हे मला ठाऊक होतं. तरीही महिन्याभराने तिने यादी समोर ठेवली, आणि मी इतक्या वर्षांत जाळ्याने जमवलेली जवळजवळ सगळी नावं तीत ओळीने उभी दिसली, तेव्हा छातीत काहीतरी आंबट झिरपत गेलं. तिची तर चप्पलही भिजली नव्हती.

"मैडम, ये एक किसी से मैच नहीं हो रहा," शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली. "कोई लोच लगती है. आपके पास उस तरफ़ की कोई अल्कोहल में रखी है?"

लोच म्हणजे आपली मुरी. आणि ती होती माझ्याकडे. वाळूत तोंड खुपसून बसणारी, बोटभर, शेपटीशी काळा ठिपका असलेली ती मुरी मला त्या ओढ्यात एकदाच सापडली होती. कुठल्याच वर्णनाशी जुळेना, म्हणून निवृत्तीपूर्वी कधीतरी आपणच तिला नाव देऊ, या आशेने मी ती अल्कोहोलच्या बाटलीत घालून माझ्या कपाटात ठेवली होती.

"नहीं," मी म्हणाले, "सब फ़ॉर्मलिन में हैं." फॉर्मलिनमध्ये डीएनए नासतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"तो फिर ये लाइन हटा देती हूँ. लोग ग़लती ही समझेंगे."

त्या संध्याकाळी मटारचा निमोना ताटातच निवत गेला. "बरं नाही का गं?" नवऱ्याने दोनदा विचारलं. मी मनातल्या मनात निदाची उणीदुणी काढत होते: तिला चिमटा नीट धरता येत नाही, जिवंत मुरीची थंड, निसटती वळवळ तिने कधी तळहातावर अनुभवलेली नाही. पण त्या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट हलत नव्हती. ती ओळ चूक नव्हती. तो मासा आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मीच त्याला पुसलं जाऊ देत होते.

सकाळी बाटली तिच्या टेबलावर ठेवली. "काल मी..." मराठीतच सुरुवात झाली, मग सावरून म्हणाले, "कल मैंने झूठ बोला था."

निदाने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुझे लगा था," ती हळूच म्हणाली; आणि मुरी ताटलीत काढून घेत तिने विचारलं, "पंख किधर से काटूँ, मैडम, कि पहचान न बिगड़े?"

"दाहिने से," मी मुरीच्या उजव्या पराकडे बोट दाखवलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. पाण्यातल्या त्या ओळीशी माझ्या मुरीचा डीएनए जुळला होता. "मैडम, ये हमारी है! किसी ने नहीं देखी!" म्हणत ती माझ्या गळ्यात पडली, अहवालावर माझं नाव आधी घालणार असल्याचं सांगितलं, आणि अम्मीला फोन लावायला व्हरांड्यात धावली. बाहेर फाल्गुनाचं कोवळं ऊन होतं, कडुनिंबाची पानं गळत होती, आणि त्या पानांवरून येरझारा घालत ती हसत, अडखळत, हातवारे करत सांगत होती. मत्सर आता ओसरेल असं मला वाटलं होतं. तो ओसरला नाही. त्या फोनकडे पाहताना उलट अधिकच टोचू लागला. माझ्या जाळ्यात ती मुरी आली, त्या दिवशी मी कुणाला सांगायला अशी धावले होते, हे आठवू पाहत मी खिडकीशी कितीतरी वेळ उभी राहिले.