आठ कोच, तीन नावं आणि मी

आमच्या ऑफिसातला श्रेडर फार कामाचा. निकाल जाहीर झाला की सगळ्या मतपत्रिका त्यात घालायच्या असा नियम आहे, आणि मी तो नऊ वर्षं पाळतेय. कागदांची शेवई होते, विषय संपतो. पण कागद हातात देताना माणसं जे बोलून जातात ते कुठल्या मशीनमध्ये घालणार? ते राहतं साचून. आणि मग कुणी चहा पाजला की माझ्या तोंडून बाहेर पडतं! आज तुम्ही पाजलाय, तेव्हा ऐका.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर पुणे, मग नवऱ्याच्या नोकरीमागे दुबई. मुलगी शाळेत रुळल्यावर मीही नोकरी शोधायला लागले. रास अल खोरमध्ये गॅरेजेसच्या रांगेत एक स्पोर्ट्स हॉल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर युनिव्हर्सिटी बास्केटबॉल लीगचं ऑफिस. तिथे इंटरव्ह्यूला गेले. चेअरमन म्हणजे एक शांत, वयस्कर इमाराती गृहस्थ. त्यांनी विचारलं, “बास्केटबॉल कळतं?”

खोटं कशाला बोला! म्हटलं, “नाही सर. शाळेत खो-खो खेळायचे.”

“उत्तम,” ते म्हणाले. “म्हणजे तुमचं लाडकं कुणी नसेल. मतं तुम्ही मोजा.”

*

मतं म्हणजे कसली, ते सांगते. लीगमध्ये आठ युनिव्हर्सिटीज. प्रत्येकीचा एक कोच, मुलांनाही तोच शिकवतो आणि मुलींनाही. सीझनच्या शेवटी मुलांमधून एक आणि मुलींमधून एक, असे वर्षातले सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडायचे. प्रत्येक कोच फॉर्मवर तीन नावं लिहितो. पहिल्या नावाला पाच पॉइंट, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. अट एकच, स्वतःच्या टीममधलं नाव लिहायचं नाही.

पहिल्याच वर्षी दुबईच्या टीमचे कोच नबील यांचा फॉर्म आला. हे लेबनॉनचे. आवाज असा की हॉलला माइकची गरज नाही. फॉर्मवर तीन नावं, तिन्ही त्यांच्याच टीमची!

मी फॉर्म परत दिला. “कोच, रूल आहे.”

“रूल मला माहीत आहे, हबीबती,” ते छातीवर हात ठेवून म्हणाले. “पण कागदावर खोटं कसं लिहू?”

*

शारजाच्या टीमचे कोच थॉमस सर नेमके उलटे. केरळचे, हळू बोलणारे. फॉर्म वेळेच्या आधी चार दिवस आणून देणार आणि मग रोज फोन. “वैशाली, माझं पहिलं नाव आणि दुसरं नाव जरा बदल.” दुसऱ्या दिवशी, “वैशाली, सॉरी, तिसरं वर घे.” एका वर्षी पाच वेळा बदललं. पाचव्यांदा फोन आला तेव्हा मीच म्हटलं, “सर, फिरून पहिल्यासारखंच झालंय.”

“बघ,” ते खूश होऊन म्हणाले, “म्हणजे माझा विचार पक्का होता!”

फॉर्मवर नावापुढे कारणासाठी एक ओळ असते. बाकीचे लिहितात, सर्वात जास्त पॉइंट, चांगला डिफेन्स. थॉमस सरांनी एकदा अबुधाबीच्या एका मुलीपुढे लिहिलं होतं, “हिने आम्हाला तीस पॉइंटनी हरवलं. शेवटची पाच मिनिटं ही फक्त डाव्या हाताने खेळली, आणि आमच्या मुलींना ते कळू दिलं नाही.”

मी विचारलं, “मुलींना कळलं नाही, मग तुम्हाला कसं कळलं सर?”

सर जरा लाजले. “माझा मुलगा लहान असताना मी त्याच्याशी असाच खेळायचो.”

*

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, त्या वर्षीची गोष्ट. त्या चिंचवडच्या. घरी बसून कंटाळल्या, म्हणून शनिवारी मुलींच्या मॅचला घेऊन गेले. स्टँडमध्ये पर्समधले चणे-फुटाणे खात बसल्या. मी खाली टेबलावर. मॅच संपल्यावर वर गेले तर म्हणाल्या, “ती सात नंबरवाली फार गुणी मुलगी आहे हो.”

म्हटलं, “आई, तिने दोनच बास्केट टाकल्यात. ती अकरा नंबरवाली बघा, बावीस पॉइंट केलेत तिने!”

“असतील. पण अकरा नंबरला बॉल कोण देतं ते बघितलंस का तू? आणि ती सात नंबर आत आली की बाकीच्या चौघी आरडाओरडा बंद करतात. घरात एक असं माणूस असलं की घर चालतं बघ.”

मी हसण्यावारी नेलं. दीड महिन्याने मतं मोजली. सात नंबर! अकरा नंबर तिसरी.

हे मी कौतुकाने नबीलना सांगितलं, तेच चुकलं. त्यांनी वर हात केले. “मी चौतीस वर्षं कोचिंग करतोय. मला हे कळायला अख्खा सीझन लागला. तुझ्या मामाला एक मॅच!” त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी खरोखर हात वर करून ठराव मांडला, “पुढच्या वर्षी मतदान नको. मामाचा व्हिसा काढा!”

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “विमानाचं तिकीट पाठवणार असतील तर येते.”

*

फायनलचा बेस्ट प्लेअर वेगळा निवडतात. त्याला पाच जणांची समिती. पूर्वी त्यांच्या चिठ्ठ्या मॅच संपायच्या चार मिनिटं आधीच गोळा करायचो, कारण शिट्टी वाजली की लगेच बक्षीस समारंभ, आणि पाहुण्यांना कायम घाई.

एका वर्षी मुलींच्या फायनलला चार मिनिटं राहिली तेव्हा मरियम नावाच्या मुलीची टीम चौदा पॉइंटनी पुढे होती. सगळा खेळ एकट्या मरियमचा. चिठ्ठ्या आल्या, पाचही मरियमच्या नावाच्या. मी पाकीट बंद केलं.

आणि मग त्या मुली हरल्या! चार मिनिटांत चौदा पॉइंट गेले. शेवटचे दोन फ्री थ्रो मरियमचेच होते. दोन्ही चुकले.

मी पाकीट घेऊन नबीलकडे धावले. समितीत तेही होते. “कोच, आता काय?”

“खलास,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. “चिठ्ठी गेली म्हणजे गेली.”

चेअरमननी नाव वाचलं. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवेना. मरियम बेंचवर डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेली. उठेचना. मला तर त्या पाकिटासकट जमिनीत जावंसं वाटलं. तेवढ्यात जिंकलेल्या टीमची कॅप्टन मैदान ओलांडून गेली, तिच्या शेजारी बसली, आणि टॉवेलचं एक टोक उचलून तिने आत डोकं घातलं. काय बोलली देव जाणे. दोघी टॉवेलखाली मिनिटभर होत्या. मग कॅप्टनने तिचा हात धरला. “यल्ला, चल, ट्रॉफी जड आहे, दोघी उचलू.”

तो फोटो आमच्या ऑफिसात लावलाय. एक ट्रॉफी, दोन मुली. जिंकलेली ढसाढसा रडतेय, हरलेली हसतेय. नवीन माणूस आला की विचारतो, मॅच कोण जिंकलं? आम्ही सांगत नाही.

चिठ्ठ्या आता एक मिनिट राहिल्यावर गोळा करतो. नबीलचं म्हणणं, “एक मिनिट पण फार होतं.”

*

आता बिलालची गोष्ट. रास अल खैमाची टीम तेव्हा सगळ्यात तळाला. त्यांचे कोच रे. फिलिपिन्सचे, स्वभावाने इतके गरीब की रेफरीने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला तरी थँक्यू म्हणायचे! त्या वर्षी त्यांची मुलांची टीम एकच मॅच जिंकली होती. बिलाल त्यांचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा. उंच, वडील तिथल्या सिमेंट फॅक्टरीत, बॉल बऱ्याचदा हातातून निसटायचा.

मघाशी सांगितलेल्या अटीत एक गोम आहे. स्वतःच्या मुलाला मत देता येत नाही, पण दुसऱ्याच्या मुलाला मोठं केलं तर आपला मागे पडतो. मग हुशार कोच काय करतो? जो जिंकणं शक्यच नाही त्याचं नाव पहिलं लिहितो. पाच पॉइंट सुरक्षित जागी पडले!

त्या वर्षी सातही कोच हुशार निघाले. कुणी कुणाशी बोललं नव्हतं. मी एकेक फॉर्म उघडत गेले. पहिलं नाव बिलाल. पहिलं नाव बिलाल. पहिलं नाव बिलाल! तीनदा बेरीज केली. सातच्या सात. थॉमस सरांचंसुद्धा!

कोच रेना फोन केला. “कोच, अभिनंदन. सातच्या सात मतं घेऊन तुमचा बिलाल प्लेअर ऑफ द इयर झालाय.”

 पलीकडून हळूच आवाज आला, “मॅम वैशाली... कुठल्या खेळात?”

समारंभात बिलाल स्टेजवर आला. आईवडील, दोन लहान बहिणी, सगळे नवीन कपडे घालून आलेले. वडील तर उभेच होते पहिल्यापासून. सातही कोच टाळ्या वाजवत होते आणि एकमेकांकडे बघणं टाळत होते. थॉमस सर पूर्ण वेळ बुटांकडे बघत होते.

नंतर कळलं की बिलाल दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिसला एक तास आधी यायला लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीतही. पुढच्या सीझनला रास अल खैमाची टीम चौथी आली. मतं मोजली तेव्हा बिलालला चार कोचनी पहिलं लिहिलं होतं. पण पॉइंट थोडे कमी पडले आणि दुसराच मुलगा जिंकला.

समारंभ संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. “मॅम, इस साल मुझे कितनों ने फर्स्ट लिखा?”

असं सांगायचं नसतं. पण सांगितलं. “चार.”

तो इतका हसला! म्हणाला, “पिछले साल सात थे। पर ये चार असली हैं, मॅम.”

*

गेल्या वर्षीचं सांगते आणि उठते.

माझी मुलगी इरा इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, असं आमचं वीस वर्षं चाललंय. ती थॉमस सरांच्या टीममधून खेळते हे मी चेअरमनना पहिल्याच दिवशी कळवलं होतं. ते म्हणाले, “तुम्ही फक्त मोजता. मोजायला काय हरकत आहे?”

गेल्या वर्षी तिचा शेवटचा सीझन होता. गुरुवारी दुपारी मुलींची मतं मोजली. इरा चोवीस. नबीलच्या टीममधली रीम, तीही चोवीस.

टाय झाला तर काय करायचं, हे नियमात शेवटच्या पानावर लिहिलंय. इतक्या वर्षांत मला ते पान उघडावं लागलं नव्हतं. उघडलं. “समान गुण असल्यास निर्णय लीग कोऑर्डिनेटरचा राहील.” कोऑर्डिनेटर म्हणजे मीच!

चेअरमन परदेशात होते. त्यांना फोन लावला, सगळं सांगितलं. म्हटलं, “सर, दुसऱ्या कुणाला तरी करू द्या हे.”

 ते म्हणाले, “दुसरं कोण? सगळे कोच मत देऊन बसलेत. तुम्ही दोघींना खेळताना बघितलंय ना?”

“प्रत्येक मॅच, सर.”

“मग लिहा. मी विचारणार नाही.”

शुक्रवारी घरी कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. दुपारभर स्वयंपाकघरात काम काढून बसले. इरा दोनदा डोकावून गेली. “यू ओके, आई?” म्हटलं, “मला काय झालंय!” संध्याकाळी फॉर्मवर रीमचं नाव लिहिलं, सही केली, पाकीट बंद केलं.

शनिवारी सकाळी समारंभ. रीमचं नाव पुकारलं तेव्हा इरा सगळ्यांच्या आधी उभी राहिली. शिट्टी मारली तिने! रीमला मिठी मारली, फोटो काढले. मी टेबलामागे उगाच कागद सारखे करत बसले होते. नंतर थॉमस सर माझ्याजवळ आले आणि फक्त माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावून गेले.

परत येताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीचा ट्रॅफिक. गाडी मी चालवत होते. इरा खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, “मागे डबा आहे बघ. सकाळपासून काही खाल्लं नाहीस.”

तिने डबा मांडीवर घेऊन उघडला. ओल्या नारळाच्या करंज्या. लहानपणापासून तिचा जीव की प्राण. 

“आई,” ती म्हणाली, “टाय होता ना?”

मी पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिले. “कुणी सांगितलं तुला? नबीलने?”

“नोबडी टोल्ड मी.” तिने एक करंजी उचलली. “हू मेक्स करंजी इन एप्रिल?”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिने ती अख्खी माझ्याच तोंडात घातली.